रविवार कारंजापुढची मैत्रीण

आमच्या वेळी कट्टीला नियम होते. करंगळी पुढे करून ती चारचौघींसमोर घ्यावी लागे. मनातल्या मनात घेतलेली कट्टी कुणी धरत नसे. कट्टी असलेल्या मुलीशी थेट बोलायचं नाही, पण तिची गणिताची वही हवी असेल तर तिसरीला मध्ये घालायचं. "तिला सांग, वही दे." ती तिथेच, हातभर अंतरावर उभी असायची. तीही तिसरीलाच सांगायची, "तिला सांग, उद्या आठवणीने परत आण." परीक्षा आली की कट्टी बाजूला ठेवली जायची आणि संक्रांतीला तर ती टिकणं शक्यच नव्हतं, कारण हातावर तिळगूळ ठेवताना तोंड उघडावंच लागे. दोन बोटं जुळवली की दोस्ती. कोण चुकलं याचा निवाडा कुणी मागत नसे.

सातवी-आठवीपर्यंत हे चाललं. नववीत आल्यावर करंगळी वगैरे पोरकट वाटायला लागलं, आणि तिथून पुढे जे सुरू झालं ते फार वेगळं होतं. त्याला आम्ही नुसतं "बोलत नाही" म्हणायचो. ते जाहीर होत नसे, त्याचं कारण सांगितलं जात नसे, मध्ये निरोप न्यायला तिसरी नसे आणि ते कधी संपणार हे कुणालाच ठाऊक नसे. हल्ली शाळेच्या आठवणी निघाल्या की आम्ही सगळ्या कट्टीबद्दल भरभरून बोलतो. नववीबद्दल कमी बोलतो.

साल १९८६. जुन्या नाशकातली मुलींची शाळा, दोन घट्ट वेण्या वर दुमडून बांधलेल्या, त्यांना रिबिनी. आमचा पाच जणींचा कंपू होता. मधल्या सुट्टीत आम्ही व्हरांड्याच्या पायऱ्यांवर गोल करून बसायचो. प्रत्येकीच्या डब्याचं झाकण मध्ये उलटं ठेवलेलं असायचं आणि जी ती आपली भाजी थोडी थोडी पाचही झाकणांत वाढायची. त्यामुळे झाकणात मटकीची उसळ, बटाट्याच्या काचऱ्या, मेथी आणि कुणाच्या तरी घरचं कैरीचं लोणचं असं सगळं एकत्र यायचं, आणि खरं जेवण डब्यात नसून त्या झाकणातच असायचं.

त्या वर्षी टिळक पुण्यतिथीला माझं भाषण बरं झालं आणि बाईंनी आंतरशालेय वक्तृत्व स्पर्धेला माझं नाव घातलं. आधीची दोन वर्षं आमच्या कंपूतली जी मुलगी जात होती ती या वेळी राहिली. दुसऱ्या दिवशी मी पायऱ्यांवर गेले तर चौघी गुडघ्याला गुडघा लावून बसल्या होत्या. मी झाकण पुढे सरकवलं. कुणी ढकललं नाही, कुणी काही म्हणालंही नाही. चौघींनी आपापसांत वाढून घेतलं आणि माझं झाकण रिकामं राहिलं. स्टीलचं होतं, त्यावर आजोबांचं नाव कोरलेलं होतं. ते नाव वाचत मी डबा संपवला.

यातलं आईला काही कळलं नाही. सांगणार काय होते? मारलं नाही, वस्तू चोरली नाही, शिवी दिली नाही. "बोलत नाहीत" एवढ्यावर आईने म्हटलं असतं, "मग तू बोल." आमच्या आयांना कामं होती.

त्या आठवड्यांत मला ज्या एका गोष्टीने धरून ठेवलं ती शाळेत घडत नव्हती, रस्त्यावर घडत होती. तेव्हाचं नाशिक पायी चालायचं गाव होतं. महापालिका होऊन जेमतेम चार वर्षं झाली होती. शाळा सुटली की मुलींचा लोंढा मेनरोडने रविवार कारंजावर यायचा. तिथे फाटा फुटे. पंचवटीच्या मुली होळकर पुलाकडे वळायच्या, आम्ही घारपुरे घाटाच्या बाजूला राहणाऱ्या अशोकस्तंभाकडे. कंपूतल्या तिघी पुलाच्या होत्या. चौथी माझ्या वाटेची.

कारंजापर्यंत ती माझ्यापुढे दहा पावलं चालायची, मागे वळून न बघता. पुलाकडच्या मुलींची शेवटची रिबीन गर्दीत दिसेनाशी झाली की तिची चाल मंदावायची. मी तिच्या बरोबरीला आले की ती बोलायला लागायची, जणू सकाळपासून आमचं बोलणं चालूच होतं आणि मध्ये कुणीतरी हाक मारली म्हणून तुटलं होतं. हिंदीच्या बाई काय म्हणाल्या, धाकट्या भावाने काय फोडलं, बुधवारी गंगेवरच्या बाजारातून आईने काय आणलं. आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो. अशोकस्तंभाशी थांबून आम्ही आणखी बराच वेळ बोलायचो. घरी उशीर का झाला हे दोघींच्याही घरी विचारलं जायचं.

सुरुवातीला मला तिचा रागच आला होता. एकदा विचारलं, वर्गात का गप्प बसतेस? ती म्हणाली, "तिथे मला एकटीला नाही जमत. इथे जमतं."

याला भित्रेपणा म्हणता येईल. मी नाही म्हणणार. चौदा वर्षांच्या मुलीच्या अंगात जेवढं धैर्य होतं तेवढं तिने मला रोज दिलं, आणि ते पुरलं. तिला ते देता आलं कारण आमच्या दोघींच्या बोलण्याला रस्त्यावरच्या टांगेवाल्यांशिवाय साक्षीदार नव्हता.

पुढे आश्विन आला, शाळेच्या पटांगणात भोंडला झाला. पाटावर हत्ती काढला, मुली येतील तशा फेर धरत गेल्या. फेरात शेजारीण निवडता येत नाही. जो हात पुढे येईल तो धरायचा. माझ्या उजव्या हातात आला तो नेमका तिचा, जिची स्पर्धा हुकली होती. हात सोडता येत नाही, फेर तुटतो. सगळी गाणी होईपर्यंत आम्ही हात धरून फिरलो. खिरापत ओळखायची वेळ आली तेव्हा ती माझ्या कानाशी म्हणाली, "वाटली डाळ असणार." होती वाटली डाळच. दुसऱ्या दिवशी झाकणात भाजी आली. कुणी माफी मागितली नाही, मीही विषय काढला नाही.

ही गोष्ट मी अनेकदा सांगितली आहे आणि ऐकणाऱ्या दर वेळी म्हणतात, किती छान होतं ना तेव्हा. इथे मला थांबावंसं वाटतं. माझं निभावलं, कारण मी मुळात त्या गोलातलीच होते. माझी भाषा त्यांच्यासारखी, डबा त्यांच्यासारखा, घर त्यांच्यासारखं. मला काही आठवडे बाहेर काढलं होतं, म्हणून परत आत येण्याची वाट होती. जी कधी आत नव्हतीच तिच्यासाठी भोंडल्याने काय केलं?

आमच्या वर्गात गिरणाऱ्याहून एसटीने येणारी एक मुलगी होती. गाडी उशिरा आली की ती पहिल्या तासाला दाराबाहेर उभी राहायची. डब्यात भाकरी आणि ठेचा असायचा. तिच्या बोलण्यातले हेल काढून दाखवणं हा वर्गातला रोजचा खेळ होता, आणि तो खेळ खेळणाऱ्या मुली दुष्ट नव्हत्या; पुढे त्यांतल्या चांगल्या शिक्षिका झाल्या, नर्स झाल्या. वर्षाच्या सुरुवातीला ईबीसीचे फॉर्म वाटताना बाई म्हणायच्या, "फी माफीवाल्या मुली उभ्या राहा." त्या उभ्या राहायच्या आणि बाकीच्या बसून बघायच्या. एवढ्या दोन मिनिटांत वर्गाचे दोन भाग व्हायचे आणि ते वर्षभर तसेच राहायचे. जातीचा उच्चार कुणी करत नसे. त्याची गरजच पडत नव्हती.

तिला आम्ही एक नाव पाडलं होतं. रंगावरून आणि उंचीवरून. ते मी इथे लिहिणार नाही.

डिसेंबरात गॅदरिंग असे आणि त्यात शेलापागोटे. काही शाळांत त्याला फिशपॉन्ड म्हणत. आठ दिवस आधी ऑफिसबाहेर एक पेटी ठेवली जाई. कुणीही, कुणालाही उद्देशून, नाव न घालता चिठ्ठी टाकायची. बाई त्या चाळायच्या, फारच वाईट असतील त्या काढायच्या आणि उरलेल्या स्टेजवरून वाचल्या जायच्या. जिच्या नावाची चिठ्ठी तिने वर येऊन ती हसत घ्यायची, असा रिवाज. गिरणाऱ्याच्या मुलीच्या नावाच्या चिठ्ठ्या एकीमागून एक निघाल्या. तिला स्टेजवर इतक्यांदा यावं लागलं की शेवटी ती खाली न उतरता कडेलाच उभी राहिली. ती हसत होती. सभागृह हसत होतं. पहिल्या रांगेतले पाहुणेही हसत होते. खिलाडूपणे घ्यायचं असतं, असं तेव्हा सगळे म्हणायचे. कुणी ते घ्यायचं आणि कुणी द्यायचं हे मात्र आधीच ठरलेलं असायचं.

तिच्या वाटेवर आमच्यापैकी कुणी नव्हतं. शाळा सुटली की ती स्टँडवर जायची आणि गाडीची वाट बघत बसायची. रविवार कारंजापुढची मैत्रीण प्रत्येकीला मिळत नाही. ज्यांची घरं एका दिशेला असतात त्यांनाच ती मिळते. आमच्या काळावर प्रेम करताना मला हे विसरायचं नाही.

गंमत म्हणून ज्या गोष्टीकडे बघितलं जायचं तिचा अभ्यास जगात तोवर सुरू झाला होता. नॉर्वेत १९८३ मध्ये डान ओल्वेउस यांच्या कामाच्या आधारे शाळांतल्या छळाविरुद्ध देशभर मोहीम उभी राहिली, पण सुरुवातीच्या संशोधनात डोळ्यांना दिसणारी मारामारीच जास्त मोजली गेली आणि त्यात मुलगे पुढे दिसायचे. फिनलंडमध्ये किर्स्टी लागरस्पेट्झ, काय ब्यॉर्क्विस्ट आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अकरा-बारा वर्षांच्या मुलामुलींना वेगळे प्रश्न विचारले: पाठीमागे बोलणं, गटातून काढणं, सूड म्हणून दुसरीशी मैत्री करणं. चित्र पालटलं. ते प्रश्न मी पुढे कधीतरी वाचले तेव्हा वाटलं, ही माणसं आमच्या व्हरांड्यात येऊन बसली होती का?

आणि वाळीत टाकण्याबद्दल म्हणाल तर त्याविरुद्धच्या लढ्यात नाशिकचं नाव ठळक आहे. २०१३ मध्ये इथल्या एका तरुणीचा आंतरजातीय लग्नावरून खून झाला, त्यानंतर महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने जातपंचायतींविरुद्ध मोहीम उघडली आणि २०१६ मध्ये विधिमंडळाने सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला. असा कायदा करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड. एखाद्या कुटुंबाशी गावाने बोलणं सोडलं तर त्या कुटुंबाचं काय होतं हे मोठ्यांच्या बाबतीत आपल्याला पटलं. नववीतल्या मुलीच्या बाबतीत अजून "मुलींचं चालायचंच" असं म्हणणारे घरोघर आहेत.

माझी भाची आता नववीत आहे. इंदिरानगरात राहते, शाळा गंगापूर रोडला. शहर आता एवढं पसरलं आहे की पायी शाळेत जाण्याचा प्रश्नच येत नाही. १९९१च्या जनगणनेत नाशिक साडेसहा लाखांचं होतं, २०११ मध्ये ते पंधरा लाखांच्या जवळ गेलं आणि तेव्हापासून वाढतंच आहे. सकाळी व्हॅन सोसायटीच्या गेटशी येते, दुपारी तिथेच सोडते. संध्याकाळी क्लासला तिची आई स्कूटरवर नेते. व्हॅनमध्ये वेगवेगळ्या वर्गांची मुलं, प्रत्येक जण पेंगुळलेला. म्हणजे तिच्या दिवसात शाळा आहे, घर आहे, क्लास आहे, आणि या तिन्हींच्या मधलं असं काही नाही.

गेल्या वर्षी तिच्या वाढदिवसाला तिला वगळणं सुरू झालं. या मुलींमध्ये रात्री बाराला एकमेकींसाठी स्टोरी टाकायची पद्धत आहे: दोघींचे फोटो, खाली गाणं, मग वाढदिवसाची मुलगी त्या सगळ्या स्टोऱ्या स्वतःकडे पुन्हा टाकते. कोणाच्या किती पडल्या हे सगळ्यांना दिसतं. हिच्यासाठी तिच्या ग्रुपमधल्या एकीनेही टाकली नाही. सकाळी कळलं की तोच ग्रुप, तेच नाव, तोच फोटो, पण हिच्याशिवाय, नव्याने तयार झाला आहे. जुन्या ग्रुपमधून हिला काढलंही नव्हतं. सगळ्या उठून दुसरीकडे गेल्या होत्या आणि ही तिथे एकटी. मग सहलीच्या बसमध्ये ती तोंड उघडं टाकून झोपली असतानाच्या फोटोचं स्टिकर झालं. ते कोणी बनवलं हे कळायला मार्ग नाही; ते व्हॅनमधल्या सहावीच्या मुलाकडेही होतं.

शेलापागोट्यांची पेटी आता ऑफिसबाहेरून उठून प्रत्येकीच्या हातात आली आहे. शाळांच्या नावाने निनावी कन्फेशन पेजेस चालतात, कोणीही लिहितं, आणि ज्या बाई निदान फारच वाईट चिठ्ठ्या काढून ठेवायच्या त्या तिथे नसतात. गॅदरिंग एका संध्याकाळी संपायचं. हे संपत नाही.

पण मला आजचं फक्त काळं दिसत नाही. भाचीने त्याच संध्याकाळी आईला सांगितलं, आणि त्याला नाव देऊन सांगितलं. "दे आर एक्सक्लूडिंग मी" हे तिचं वाक्य. आमच्याकडे असं वाक्य नव्हतं, मराठीतही नाही आणि इंग्रजीतही नाही. तिची आई "मग तू बोल" म्हणाली नाही. दुसऱ्या दिवशी रजा टाकून शाळेत गेली. शाळेत समुपदेशक बाई होत्या. मार्च २०२२ मध्ये राज्य सरकारने शाळाशाळांत सखी सावित्री समित्या नेमायला सांगितलं आहे, तक्रारपेट्या लावायला सांगितल्या आहेत. १०९८ या क्रमांकावर मूल स्वतः फोन करू शकतं. शिक्षण हक्क कायद्याचं १७वं कलम शिक्षकांनाही सांगतं की मुलांचा मानसिक छळ करायचा नाही. वर्गात उभं करून गरिबी मोजणाऱ्या आमच्या बाईंना हे सांगणारं तेव्हा कुणी नव्हतं. गिरणाऱ्याच्या मुलीला यातलं काही मिळालं असतं तर, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

समुपदेशक बाईंनी सगळ्या मुलींना आणि आयांना बोलावलं. सगळं नीट झालं. स्टिकर काढून टाकलं, मुलींनी सॉरीची पत्रं लिहिली. त्यानंतर भाचीला कुणी काही करत नाही. आणि ती डबा एकटीच खाते.

त्या ग्रुपमधल्या एकीला वाईट वाटत असावं. एका रात्री भाचीच्या फोनवर तिचा मेसेज आला. भाची उघडेपर्यंत तो पुसलेला. पुन्हा आला, पुन्हा पुसलेला. मी विचारलं, तिला लिहायचं आहे तर पुसते कशाला? भाचीने माझ्याकडे दयेने पाहिलं. "मावशी, स्क्रीनशॉट. मी तिचा मेसेज कोणाला दाखवला तर ती पण गेली."

त्या क्षणी मला काय हरवलं आहे ते समजलं. फोन घरापर्यंत छळ घेऊन येतो हे सगळे सांगतात, आणि ते खरंच आहे. पण माझ्या लेखी त्याहून मोठं नुकसान दुसरंच आहे. जिला कळवळा आहे, पण चारचौघींसमोर उभं राहण्याइतकं बळ नाही, अशा मुलीला आता जागा उरलेली नाही. तिचा खाजगीत टाकलेला शब्दही पुरावा होऊन बसतो. छळणाऱ्या मुली प्रत्येक वर्गात दोन-तीन असतात. उरलेल्या वर्गात अशाच मुली असतात, कळवळ्याच्या आणि घाबरलेल्या. फिनलंडच्या क्रिस्टिना साल्मिवाल्ली यांनी १९९६ मध्ये दाखवलं की छळ हा गटात घडतो आणि भोवती उभी असलेली मुलंही त्यात वेगवेगळ्या भूमिका बजावतात, आणि तुर्कू विद्यापीठात त्यांच्या पुढाकाराने तयार झालेला कार्यक्रम छळणारीच्या मागे लागण्यापेक्षा या बघणाऱ्या मुलांवर मेहनत घेतो. माझ्या मैत्रिणीला हे कुणी शिकवलं नव्हतं. तिला अशोकस्तंभापर्यंतचा रस्ता मिळाला होता.

म्हणून मी बहिणीच्या मागे लागले, क्लास सुटल्यावर लगेच स्कूटर दारात नेऊ नकोस. पंधरा मिनिटं उशिरा जा. कोपऱ्यावर पाणीपुरीची गाडी आहे, पोरी तिथे उभ्या राहू देत. बहिणीला आधी पटलं नाही. अंधार, रहदारी, मुलीची जात, सगळं म्हणाली आणि त्यात खोटं काही नव्हतं. आता जाते उशिरा. मेसेज पुसणारी मुलगी त्याच क्लासला आहे. गाडीवर त्या दोघी उभ्या असतात, फोन बॅगेत. वर्गात अजून बोलत नाहीत.

आमच्या दहावीच्या बॅचचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. मध्यंतरी कुणीतरी वर्गाचा जुना फोटो टाकला आणि एकीने शेवटच्या रांगेतल्या उंच मुलीपुढे ते पाडलेलं नाव लिहिलं, सोबत हसून डोळ्यांत पाणी आलेले चेहरे. पंधरा-वीस जणींनी पाठोपाठ तसेच चेहरे टाकले. थोड्या वेळाने त्या मुलीने लिहिलं. स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, आणि पूर्णविराम. त्या दिवशी ग्रुपवर पुढे कुणी काही टाकलं नाही.

दोन दिवसांनी रविवार कारंजापुढच्या माझ्या मैत्रिणीने तिला ग्रुपवरच, सगळ्यांसमोर लिहिलं की आपण सगळ्या तुझ्याशी वाईट वागलो, आणि ते नाव यापुढे इथे कुणी घ्यायचं नाही. मग बऱ्याच जणींनी लिहिलं. स्नेहमेळावा ठरत होता आणि त्यात गंमत म्हणून शेलापागोटे ठेवायचं चाललं होतं, ते रद्द झालं. गिरणाऱ्याची ती मुलगी आता दिंडोरी तालुक्यात असते, द्राक्षबाग स्वतः बघते. माफीबद्दल तिने काही लिहिलं नाही. मेळाव्याच्या तारखेखाली तिचं उत्तर आलं: जानेवारी-फेब्रुवारीत माल निघतो, एप्रिलात छाटणी असते, जूनमध्ये ठेवणार असाल तर येईन.

जूनची तारीख धरली आहे.